नवी एसएसडी बसवली, आता बायोसमध्ये काय बदलायचं?

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या मशीनचं काय करायचं हा प्रश्न बऱ्याच घरांत आणि छोट्या ऑफिसांत उभा राहिला. कोणी नवं विंडोज टाकतं, कोणी लिनक्स मिंट किंवा उबुंटूकडे वळतं, आणि त्याच निमित्ताने हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर डेटा ठेवणारा ड्राइव्ह) बसवली जाते. निर्णय योग्यच आहे. साधी हार्डडिस्क सेकंदाला १०० ते १५० एमबीच्या आसपास वाचते, स्वस्तातली, साटा केबलने जोडायची एसएसडीसुद्धा ५०० एमबीच्या घरात जाते. स्क्रू उघडणं, केबल जोडणं हे व्हिडिओ बघून जमतं. घोडं अडतं ते नंतर. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ उमटतं, नाहीतर इन्स्टॉलरला ड्राइव्हच सापडत नाही.

पुढे जे लिहिलं आहे ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोज उघडण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये, पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी आहे. त्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करून घ्या. बायोसमधली सगळी सेटिंग सारखी धोक्याची नसतात. बूट ऑर्डर चुकली तर डेटाला धक्का लागत नाही, परत आत जाऊन क्रम बदलला की झालं. ड्राइव्ह कंट्रोलरचा मोड मात्र विचार न करता बदलला तर काल चालणारं विंडोज आज उघडत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा, मशीन चालू होतं का बघायचं, मगच पुढच्याला हात लावायचा.

मशीन चालू होताना काय होतं

पॉवर बटण दाबलं की मदरबोर्डवरच्या एका छोट्या चिपमधला प्रोग्राम जागा होतो. तो रॅम, कीबोर्ड, डिस्प्ले तपासतो आणि मग त्याच्याकडच्या यादीप्रमाणे ‘ऑपरेटिंग सिस्टिम कुठून सुरू करू?’ हे एकेका ड्राइव्हवर जाऊन बघतो. ती यादी म्हणजे बूट ऑर्डर. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीपासून या प्रोग्रामला बायोस म्हणतात. आजच्या मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय असतं, पण दुकानात, ऑफिसात आणि कंपन्यांच्या मॅन्युअलमध्येही नाव बायोसच चालतं. इथेही तेच वापरतो.

जुन्या पद्धतीत बायोस फक्त एवढंच ओळखायचा की ही हार्डडिस्क आहे, हा सीडी ड्राइव्ह आहे. नव्या पद्धतीत यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा ‘उबुंटू’ अशी नावं दिसतात, कारण यूईएफआय ड्राइव्हवरच्या एका विशिष्ट फाइलचा पत्ता लक्षात ठेवतं. हा फरक लक्षात असला की पुढचे निम्मे गोंधळ आपोआप सुटतात.

आत शिरण्याआधी

बॅकअप घ्या, हे सांगायला नको. त्याहून जास्त लोक फसतात ते बिटलॉकरमध्ये, म्हणजे ड्राइव्ह एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करणाऱ्या विंडोजच्या सोयीत. विंडोज ११ असलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण सुरुवातीला मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केलं तेव्हाच ते गुपचूप चालू झालेलं असतं. अशा मशीनवर बायोसमधलं सिक्युअर बूट (खात्रीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारं सेटिंग) किंवा ड्राइव्हचा मोड बदलला की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डेटा गेला, कोणताही कंप्युटरवाला तो उघडून देऊ शकत नाही. म्हणून आधी सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर जाऊन की शोधा आणि कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. की हाताशी आली की कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर तात्पुरतं सस्पेंड करा. तो पर्यायच दिसत नसेल, तर बदल करण्याआधी एन्क्रिप्शन बंद करून ड्राइव्ह पूर्ण मोकळा होईपर्यंत थांबा.

दुसरं काम, मशीन सध्या कोणत्या पद्धतीने चालतंय ते नोंदवणं. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधून उघडा. ‘बायोस मोड’ या ओळीसमोर यूईएफआय किंवा लेगसी (जुनी बायोस पद्धत) असं लिहिलेलं असेल. मग बायोसमध्ये गेल्यावर काहीही बदलण्याआधी बूट, सिक्युरिटी आणि साटा किंवा स्टोरेज या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. डिफॉल्ट सेटिंग लोड करून सगळं मूळपदावर येतं असं बरेच जण समजतात, पण डिफॉल्ट म्हणजे कारखान्यातलं सेटिंग. तुमचं विंडोज टाकताना जे होतं ते नव्हे. दोन्ही वेगळी असतील तर डिफॉल्ट लोड करणं हाच बिघाड ठरतो.

बायोसमध्ये शिरायचं कसं

मशीन चालू करून लगेच ठरावीक बटण थांबून थांबून दाबत राहायचं. कोणतं बटण ते कंपनीवर आहे. डेलच्या मशीनवर एफ२ दाबलं की बायोस आणि एफ१२ दाबलं की बूट मेनू (या वेळी कशावरून सुरू करायचं ते निवडायची यादी). एचपीवर आधी एस्केप, मग बायोससाठी एफ१० आणि बूट मेनूसाठी एफ९. लेनोवोच्या थिंकपॅडवर एफ१, आयडियापॅडवर एफ२, आणि बूट मेनू दोन्हींवर एफ१२. आयडियापॅडच्या काही मॉडेलना कडेला एक बारीक छिद्र असतं, बंद लॅपटॉपवर त्यात पिन घालून आतलं बटण दाबलं की थेट मेनू येतो. एसरवर एफ२. आसुसच्या लॅपटॉपवर बायोसला एफ२ आणि बूट मेनूला एस्केप. असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर मदरबोर्डची कंपनी बघायची. बायोससाठी जवळपास सगळीकडे डिलीट चालतं. बूट मेनूला गिगाबाइटवर एफ१२, एमएसआय आणि एसरॉकवर एफ११, आसुसवर एफ८.

काही लॅपटॉपवर वरच्या ओळीतली बटणं आवाज आणि ब्राइटनेससाठी राखलेली असतात, तिथे सोबत एफएन दाबावं लागतं. डेस्कटॉपवर कीबोर्ड मागच्या, थेट मदरबोर्डच्या यूएसबी पोर्टमध्ये लावा. वायरलेस कीबोर्ड या कामाला नको.

बटण दाबूनही विंडोजच उघडत असेल तर त्याचं कारण बहुतेक वेळा फास्ट स्टार्टअप असतं. शटडाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही. अशा वेळी रीस्टार्ट करून बटण दाबा, किंवा शिफ्ट दाबून धरत स्टार्ट मेनूतल्या ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. निळा पडदा आला की ‘ट्रबलशूट’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ असं जात राहिलं की मशीन थेट बायोसमध्येच सुरू होतं. ही शेवटची ओळ दिसतच नसेल तर तुमचं विंडोज बहुधा लेगसी पद्धतीने टाकलेलं आहे. ही माहिती पुढे लागणार आहे.

बूट ऑर्डर बदलू नका, बूट मेनू वापरा

पेनड्राइव्हवरून विंडोज किंवा लिनक्स टाकायचं असेल तर ‘बायोसमध्ये जाऊन यूएसबी पहिल्या नंबरवर आणा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. यूएसबी पहिल्या नंबरवर ठेवली की विंडोजचा इन्स्टॉलर फाइली कॉपी करून पहिल्यांदा रीस्टार्ट होतो आणि पेनड्राइव्ह तिथेच असल्यामुळे मशीन पुन्हा त्याच्यावरूनच सुरू होऊ शकतं. नवख्या माणसाला वाटतं इन्स्टॉल फसलं. तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा तेच. शिवाय क्रम तसाच राहिला तर पुढे कधीही कोणाचाही पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं की ते आधी त्यावर शोधत बसतं.

बूट मेनूतून केलेली निवड त्या एका वेळेपुरतीच असते. एफ१२, एफ९, एफ११ जे असेल ते दाबायचं, पेनड्राइव्ह निवडायचा, एंटर. पुढच्या रीस्टार्टला मशीन आपल्या नेहमीच्या क्रमानेच जातं आणि इन्स्टॉलचा दुसरा टप्पा ड्राइव्हवरून बरोबर सुरू होतो. एसरच्या लॅपटॉपवर हा मेनू बऱ्याचदा बंद ठेवलेला असतो. बायोसच्या ‘मेन’ पानावर ‘एफ१२ बूट मेनू’ अशी ओळ असते, ती एनेबल करून घ्या.

या मेनूत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो. एका ओळीत नुसतं कंपनीचं नाव, दुसरीत त्याच नावाआधी ‘यूईएफआय’. दोन्ही ओळी उघडतात, दोन्हींवरून इन्स्टॉलर सुरू होतो, सुरुवातीचे पडदेही सारखेच दिसतात. फरक कळतो तो ड्राइव्ह निवडताना. लेगसी ओळ (‘यूईएफआय’ नसलेली) निवडली असेल आणि ड्राइव्ह जीपीटी (यूईएफआयसोबतची, ड्राइव्हवर जागेचे भाग पाडायची पद्धत) असेल तर ‘निवडलेली डिस्क जीपीटी प्रकारची आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही’ अशा अर्थाचा संदेश येतो. उलट केलं तर एमबीआरबद्दलची (लेगसीसोबतची तशीच जुनी पद्धत) तक्रार येते. इथे घाबरून पार्टिशनं (ड्राइव्हवर पाडलेले भाग) उडवणारे खूप आहेत. काहीही उडवू नका. इन्स्टॉलर बंद करा, रीस्टार्ट करा आणि मेनूतली दुसरी ओळ निवडा. निम्म्याहून अधिक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

कायमचा क्रम बदलायची गरज खरी येते ती मशीनमध्ये दोन ड्राइव्ह असतात तेव्हा. ‘बूट’ पानावर जाऊन ‘बूट ऑप्शन १’वर नव्या ड्राइव्हचं ‘विंडोज बूट मॅनेजर’ आणायचं. काही बायोसमध्ये बाणाच्या बटणांनी निवडून यादीतून नाव घ्यायचं असतं, काहींत अधिक-उणे किंवा एफ५-एफ६ ने ओळ वर-खाली सरकते. कोणतं बटण ते पडद्याच्या उजव्या बाजूला किंवा तळाला लिहिलेलं असतं. मग एफ१० आणि ‘येस’.

एक जागा मात्र नेमकी चुकते. कित्येक मदरबोर्डवर, विशेषतः लेगसी मोडमध्ये, बूटच्या यादीत हार्डडिस्क या प्रकारातला एकच ड्राइव्ह दिसतो. दोन ड्राइव्ह लावले आहेत, साटाच्या पानावर दोन्ही दिसतात, पण बूटच्या यादीत जुनी हार्डडिस्कच. एसएसडी खराब निघाली असं समजून ती बदलून आणायला माणूस निघतो. खरं तर त्याच पानावर खाली ‘हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज’ नावाची ओळ असते. ती उघडायची, त्यात एसएसडी पहिल्या नंबरवर आणायची, मागे यायचं. आता वरच्या यादीत एसएसडीचं नाव आलेलं असतं.

यूईएफआय की लेगसी

नव्याने सगळं टाकत असाल तर यूईएफआय आणि जीपीटी, याबद्दल मनात शंका ठेवू नका. लेगसीची एमबीआर पद्धत २ टीबीच्या पुढची जागा वापरू शकत नाही आणि त्यात चारच प्रायमरी पार्टिशनं होतात. विंडोज ११ ला अधिकृतपणे यूईएफआय लागतंच. सोबत सिक्युअर बूट चालणारं मशीन आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) हवं. पेनड्राइव्ह ८ जीबी किंवा त्याहून मोठा घ्या. रूफस या पेनड्राइव्ह बनवायच्या प्रोग्रामने तयार करत असाल तर पार्टिशन स्कीममध्ये जीपीटी आणि टार्गेट सिस्टिममध्ये यूईएफआय निवडा.

जुनंच विंडोज ठेवून लेगसीवरून यूईएफआयवर जायचं असेल तर फक्त बायोसमधलं बटण फिरवून चालत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआर टू जीपीटी हे साधन आलं आहे. ते आधी चालवून ड्राइव्ह जीपीटी करायचा, मगच बायोस यूईएफआयवर न्यायचा. क्रम उलटा झाला तर विंडोज उघडणार नाही. पण लेगसीवर परत गेलात की ते पूर्वीसारखं सुरू होईल, डेटा जाणार नाही.

‘सीएसएम’ म्हणजे यूईएफआय बायोसने जुन्या पद्धतीसाठी ठेवलेली सोय. ते डिसेबल केलं की फक्त यूईएफआय उरतं. डेस्कटॉपवर हे करण्याआधी ग्राफिक्स कार्ड बघा. २०१२ च्या आधीच्या बऱ्याच कार्डांना यूईएफआयमध्ये चित्र दाखवता येत नाही. सीएसएम बंद करून सेव्ह केलं की पडदा काळाच राहतो आणि परत आत जायचं कसं हा प्रश्न पडतो. तसं झालंच तर मशीनची पॉवर केबल काढा, मदरबोर्डवरचा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा आणि परत लावा. बहुतेक बोर्डांवर त्याने डिफॉल्ट सेटिंग येतं. आधी काढलेले फोटो इथे कामाला येतात.

ड्राइव्ह बायोसला दिसतोय का

बूट ऑर्डरशी झटापट करण्याआधी हे बघायला हवं. बायोसच्या पहिल्या पानावर किंवा ‘साटा कॉन्फिगरेशन’ किंवा ‘स्टोरेज’मध्ये ड्राइव्हचं नाव आणि क्षमता दिसते. दिसत नसेल तर मशीन बंद करून केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा, दुसऱ्या केबलने बघा, दुसऱ्या पोर्टमध्ये लावून बघा. तो साटा पोर्टच बायोसमध्ये डिसेबल केलेला असू शकतो.

एम.२, म्हणजे केबलशिवाय थेट मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या ड्राइव्हच्या बाबतीत दोन गोष्टी. आकार तोच असला तरी आतून तो साटा असू शकतो किंवा त्याहून वेगवान एनव्हीएमई, आणि प्रत्येक खाच दोन्ही घेतेच असं नाही. दुसरं म्हणजे बऱ्याच मदरबोर्डवर एम.२ खाचेत ड्राइव्ह बसवला की एक किंवा दोन साटा पोर्ट बंद पडतात, कारण मार्ग तोच वाटून घेतलेला असतो. एम.२ लावल्याबरोबर जुनी हार्डडिस्क गायब झाली तर ती बिघडलेली नाही. मॅन्युअलमध्ये कोणता पोर्ट बंद होतो ते दिलेलं असतं, केबल दुसऱ्या पोर्टमध्ये हलवा.

जुन्या बोर्डवर अडॅप्टर कार्ड लावून एनव्हीएमई बसवण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये असं मी सांगेन. इंटेलच्या २०१४ च्या ९ सीरिजच्या आधीचे बहुतेक बोर्ड असा ड्राइव्ह डेटासाठी वापरतील, पण त्यावरून बूट होणार नाहीत. अशा मशीनला साटा एसएसडीच बरी. तीसुद्धा योग्य पोर्टमध्ये लावा. आपल्याकडे अजून खूप चालणाऱ्या एच६१ बोर्डांवर चिपसेटचे सगळे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे आहेत, तिथे निवडायला काही नाही. तरीही हार्डडिस्कच्या मानाने फरक भरपूर पडतो. एच८१ वर मात्र दोन पोर्ट ६ गिगाबिटचे आणि दोन ३ चे असतात, आणि दुकानदाराने हार्डडिस्क कशात लावली असेल सांगता येत नाही. बोर्डवर पोर्टशेजारी बारीक अक्षरात नंबर छापलेले असतात. मॅन्युअलशी ताडून एसएसडी ६ गिगाबिटवाल्यात लावा.

साटा मोड: इथे घाई नको

‘साटा मोड’, ‘साटा ऑपरेशन’, ‘स्टोरेज कंट्रोलर’ अशा वेगवेगळ्या नावांनी हे सेटिंग येतं आणि त्यात आयडीई (जुनी पद्धत), एएचसीआय (आजची नेहमीची), रेड (अनेक ड्राइव्ह एकत्र जोडायची) असे पर्याय असतात. मदरबोर्डने ड्राइव्हशी कोणत्या भाषेत बोलायचं ते हे ठरवतं. विंडोज टाकलं जातं तेव्हा ते त्या वेळच्या मोडचा ड्रायव्हर सुरुवातीच्या टप्प्यात लोड करायला शिकतं. नंतर मोड बदलला तर सुरू होताना विंडोजला स्वतःचाच ड्राइव्ह वाचता येत नाही आणि निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. ड्राइव्ह शाबूत असतो, डेटा शाबूत असतो, फक्त दार उघडत नाही.

तेव्हा नियम असा. नव्या ड्राइव्हवर नव्याने टाकत असाल तर आधी एएचसीआय करा, मग टाका. जुनं विंडोज चालू असेल आणि काही अडत नसेल तर मोडला हात लावू नका. जुन्या विंडोजची एसएसडीवर क्लोन केलेली प्रत वापरत असाल तरीही मूळ मोडच ठेवा.

काही वेळा बदल करावाच लागतो. डेलचे खूपसे लॅपटॉप कारखान्यातून ‘रेड ऑन’ करून येतात, ड्राइव्ह एकच असला तरी. त्यावर उबुंटू टाकायला गेलात की इन्स्टॉलर इंटेल आरएसटी (रेड मोडमागचं इंटेलचं तंत्र) बंद करा असं सांगून थांबतो. अशा वेळी विंडोज न उडवता मोड बदलण्याची चांगली पद्धत आहे. विंडोजमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडा, ‘बूट’ टॅबवर ‘सेफ बूट’ला टिक करा आणि त्याखाली ‘मिनिमल’ ठेवा. सेफ मोडमध्ये पिनऐवजी खात्याचा पासवर्ड लागू शकतो, तो आठवतोय याची खात्री करून घ्या. बिटलॉकर चालू असेल तर ते आधी सांगितल्याप्रमाणे सस्पेंड केलेलं हवं. आता रीस्टार्ट करून थेट बायोसमध्ये जा, मोड एएचसीआय करा, सेव्ह करा. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि त्या दरम्यान नव्या मोडचा ड्रायव्हर लावून घेईल. मग तीच टिक काढून पुन्हा रीस्टार्ट. मध्येच निळा पडदा आला तर बायोसमध्ये जाऊन मोड पहिल्यासारखा करायचा, विंडोज पूर्ववत उघडतं. रेडमध्ये खरोखरच दोन ड्राइव्ह जोडून एक केलेले असतील तर मात्र हे अजिबात करू नका. तिथे मोड बदलला की जोडणी मोडते आणि डेटा धोक्यात येतो.

इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर याचंच नवं रूप भेटतं, व्हीएमडी. बायोसमध्ये एसएसडी दिसते, पण विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये ड्राइव्हची यादी कोरी. नव्या लॅपटॉपवर पहिल्यांदाच विंडोज टाकणारे हमखास इथे येऊन थांबतात. उपाय दोन आहेत. एक तर लॅपटॉपच्या कंपनीच्या वेबसाइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर घेऊन पेनड्राइव्हवर ठेवायचा आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवायचा. नाहीतर बायोसमध्ये व्हीएमडी डिसेबल करायचं. ड्राइव्ह कोरा असेल तर मी दुसरा मार्ग घेईन, कारण पुढे कधी विंडोज दुरुस्त करायची वेळ आली तर ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. एसरच्या काही मॉडेलवर हे सेटिंग लपवलेलं असतं. बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की ते दिसू लागतं.

दोन ड्राइव्ह असतील तर

एसएसडीवर विंडोज आणि जुनी हार्डडिस्क फोटो, हिशेब, सिनेमे ठेवायला, ही मांडणी उत्तम. पण इन्स्टॉल करताना हार्डडिस्क जोडलेली ठेवली की एक अडचण येते आणि ती लगेच दिसत नाही. हार्डडिस्कवर आधीच्या विंडोजचं छोटं बूट पार्टिशन असतं. इन्स्टॉलर नवं विंडोज एसएसडीवर टाकतो, पण सुरू करायच्या फाइली त्या जुन्या पार्टिशनमध्येच ठेवून देतो. सगळं मजेत चालतं. मग दोन वर्षांनी हार्डडिस्क खराब होते किंवा काढली जाते, आणि धडधाकट एसएसडीवरचं विंडोज ‘नो बूटेबल डिव्हाइस’ म्हणून उभं राहतं.

म्हणून इन्स्टॉल करताना हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. लॅपटॉप उघडणं शक्य नसेल तर बायोसमध्ये तेवढा साटा पोर्ट डिसेबल करा. विंडोज पूर्ण बसून पहिल्यांदा उघडलं की मशीन बंद करा, हार्डडिस्क परत जोडा, बायोसमध्ये एसएसडीचं ‘विंडोज बूट मॅनेजर’ वर असल्याची खात्री करा. यादीत त्याच नावाच्या दोन ओळी दिसल्या तर कंसातलं ड्राइव्हचं नाव वाचून निवडा.

लिनक्स सोबत ठेवणाऱ्यांसाठी एवढंच, की ‘उबुंटू’ची ओळ ‘विंडोज बूट मॅनेजर’च्या वर हवी. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर थेट विंडोजच उघडायला लागलं तर लिनक्स उडालं असं समजू नका. आधी बूट ऑर्डर बघा.

रोज सकाळी सेटिंग विसरणारं मशीन

काल नीट चाललं, आज सकाळी पुन्हा ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. बायोसमध्ये जाऊन सगळं ठीक करायचं, संध्याकाळपर्यंत चालतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा मशीनची तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे. रात्री भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाचं बटण बंद करून घरी जाण्याची पद्धत असलेल्या दुकानांत आणि ऑफिसांत हे हमखास दिसतं, कारण वीज पूर्ण तुटली की घड्याळ त्या सेलवरच चालतं. जुन्या बोर्डांवर तर बाकीची सेटिंगसुद्धा त्याच्याच जिवावर टिकतात. तारीख चुकली की बँकेच्या आणि सरकारी वेबसाइटही ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून उघडत नाहीत, आणि दोष इंटरनेटला दिला जातो.

डेस्कटॉपवर हा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा गोल सेल असतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पॉवर केबल काढा, सेलशेजारची बारीक क्लिप बाजूला ढकलली की तो उसळून वर येतो. नवा बसवताना अधिकची खूण असलेली बाजू वर. लॅपटॉपमध्ये काहींना तोच सेल वायरला जोडून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, तो त्याच प्रकारच्या जोडणीचाच घ्यावा लागतो. सेल बदलल्यावर पहिल्यांदा बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ घाला, फोटोत बघून साटा मोड पूर्वीचाच करा, मग यूईएफआय की लेगसी ते ठरवा आणि शेवटी बूट ऑर्डर. एफ१० दाबून सेव्ह करा, मशीन बंद करा, बोर्डाचं बटणही बंद करा आणि पंधरा मिनिटांनी चालू करून तारीख टिकली आहे का ते बघा.